तुम्ही विचारलंत म्हणून : गळती शोधणाऱ्याचे सिनेमे

“काका, समुद्र आपल्या नाशिकपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर लांब. ओझरला विमानं बनतात, देवळालीला तोफा धडाडतात. मग तुम्हाला हे पाणबुडीच्या सिनेमांचं वेड लागलं कुठून? आणि बघायचाच झाला तर पहिला कोणता बघू?”

हे दोन प्रश्न मला लग्नात, बारशाला, भाजी घेताना, कुठेही गाठतात. मी घाईघाईने ‘दास बोट बघ’ एवढंच सांगतो आणि घरी आल्यावर रुखरुख लागते की निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज सविस्तर.

मी सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं वाल्व्ह टेस्टिंगला होतो. काम ऐकायला सोपं. तयार वाल्व्हची दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं, अडकलेली हवा आधी पूर्ण बाहेर काढायची आणि मग पंपाने प्रेशर चढवत न्यायचं. वाल्व्हला जेवढं प्रेशर सोसायचं ठरलेलं असतं, त्याच्या दीडपट. तिथे काटा थांबवायचा आणि बघत उभं राहायचं. नवीन पोरं विचारायची, हवेनेच टेस्ट का नाही करत? हवा स्प्रिंगसारखी दबते. वाल्व्ह फुटला तर तुकडे उडतात, माणूस जातो. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे फुटलं तरी बहुतेक वेळा नुसतं गळतं. कास्टिंगमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहिली असतील तर धारही लागत नाही. बॉडीला घाम फुटतो. शॉपवर शब्दच तो, ‘घाम आलाय’. बोटाने पुसायचं, खडूने खूण करायची, परत बघायचं. पुन्हा ओलं झालं की वाल्व्ह रिजेक्ट.

१९८९ मध्ये एका शनिवारी सेकंड शिफ्ट सुटल्यावर आम्ही तिघं सिडकोत एका मित्राकडे जमलो. त्याने भाड्याने व्हीसीआर आणला होता आणि कॅसेटवाल्याने युद्धाचा सिनेमा म्हणून ‘दास बोट’ दिला होता. भाषा निम्मी कळत नव्हती. पाणबुडी खोल जाऊ लागली, लोखंड कुरकुरलं, कुठूनतरी एक बोल्ट बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि पाण्याची धार आत आली. तसे आम्ही तिघंही पुढे सरकलो. समोर आमचंच काम चाललं होतं. फरक एवढाच, की आम्ही वाल्व्हच्या बाहेर उभे असायचो आणि ही माणसं आत होती.

तेव्हापासून मी हे सिनेमे एकाच नजरेने बघतो. माझ्यासाठी पाणबुडीच्या सिनेमाचा नायक पेरिस्कोपला डोळा लावलेला कप्तान नसतो. खाली गुडघाभर पाण्यात गळती शोधणारा जो कोणी असतो, तो माझा नायक. ज्या सिनेमाला हा माणूस दिसला तो चांगला, ज्याला दिसला नाही तो माझ्या लेखी कच्चा.

‘दास बोट’ १९८१ चा, वोल्फगांग पीटरसन यांचा. लोथार-गुंथर बुखहाइम यांच्या कादंबरीवरून केलेला. बुखहाइम स्वतः युद्धवार्ताहर म्हणून १९४१ मध्ये यू-९६ या जर्मन पाणबुडीवर गेले होते, आणि सिनेमातली पाणबुडी तीच. लांबी ६७ मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या सहा गाड्या एकामागे एक लावाव्यात तेवढी, आणि आत पन्नासच्या आसपास माणसं. दोन संडास, त्यातला एक खाण्याच्या सामानाने भरलेला. छायाचित्रकार योस्ट वाकानो हातातला कॅमेरा घेऊन त्या बोळातून धावले, नटांच्या मागोमाग, गोल दारांमधून वाकून. नटांनी उन्हात जायचं नाही असा दंडक होता, कारण महिनोन्‌महिने सूर्य न पाहिलेला चेहरा मेकअपने येत नाही. सिनेमाच्या सुरुवातीलाच आकडा येतो : ४०,००० जर्मन खलाशी पाणबुड्यांवर गेले, त्यातले ३०,००० परतले नाहीत.

जिब्राल्टरजवळ पाणबुडीवर हल्ला होतो आणि ती दगडासारखी खाली जाऊ लागते. सगळे खोलीच्या काट्याकडे बघतायत. नाशिककराला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. गोदेला पूर आला की आपण होळकर पुलावर असेच उभे असतो, नजर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. कमरेला लागलं, छातीला लागलं, आता गळ्याशी. पुलावर शेकडो माणसं असतात आणि मोठ्याने कोणी बोलत नाही. २००८ च्या पुरात मी तिथे होतो. त्या गर्दीतले चेहरे आणि पीटरसन यांच्या पाणबुडीतले चेहरे मला वेगळे काढता येत नाहीत.

२८० मीटरवर पाणबुडी तळाला टेकते. आमच्या भाषेत सांगायचं तर दर १० मीटर पाण्याला साधारण १ किलो प्रेशर, म्हणजे चौरस सेंटीमीटरवर २८ किलो. आकडा लहान वाटतो. पण दोन फूट व्यासाचं गोल झाकण घ्या, त्यावर सुमारे ८० टन भार येतो. टेस्टिंगला आम्ही याहून कितीतरी जास्त प्रेशर रोज चढवायचो, पण तो वाल्व्ह त्यासाठीच बनवलेला असायचा, आणि पंपाचा खटका आमच्या हाताशी असायचा. इथे खटका नाही. तासन्‌तास माणसं पाणी उपसतात, बॅटरीच्या फुटलेल्या सेलना वळसा घालून तारा जोडतात, हवा संपत आलेली असताना लाकडाच्या पाचरा ठोकतात. शेवटी इंजिनियर डोक्यापासून पायापर्यंत तेलात आणि पाण्यात भिजलेला येतो आणि गळती थांबल्याचं कप्तानाला सांगतो. मोठी वाक्यं नाहीत. शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला चार्ज द्यावा, तसं सांगतो. त्या जागी माझे डोळे दरवेळी भरून येतात, आणि पंधरा-वीस वेळा बघूनही त्यात काही कमी झालेलं नाही.

आणि योहान. इंजिनावर जीव असलेला, नऊ मोहिमा केलेला मेकॅनिक. आधीच्या एका हल्ल्यात त्याचा तोल सुटतो, तो जागा सोडून जिन्याकडे धावतो आणि कप्तान पिस्तूल आणायला जातो. हाच योहान जिब्राल्टरच्या तळाशी फरशीखालच्या पाण्यात उतरून गळती बंद करतो. सिनेमा त्याच्यावर भाषण करत नाही. एका माणसाचे हे दोन्ही दिवस मी प्रत्यक्ष पाहिलेत. आमच्याकडे एक हेल्पर फ्लँज, म्हणजे नळी जोडायची चकती, फुटला त्या दिवशी पंप चालू ठेवून पळाला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या अपघातात बाकी सगळे मागे सरले तेव्हा मेन वाल्व्ह बंद करायला तोच गेला. म्हणून एका दिवसावरून कोणाला भित्रा म्हणू नये, असं मी पोरांना सांगायचो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे दोघंही असायचे.

तर पहिला हाच. त्यातही १९९७ ला निघालेली साडेतीन तासांच्या जवळ जाणारी आवृत्ती. आवाज जर्मनच ठेवा, खाली सबटायटल. रात्री, पंखा बंद करून, हेडफोन लावून. कारण पाणबुडीचा सिनेमा निम्मा कानाने बघायचा असतो. आतल्यांना बाहेरचं काहीच दिसत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने जातो, सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास. वरच्या जहाजाच्या पंख्याची फडफड, मग सोनारचा, म्हणजे आवाज सोडून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राचा, टणत्कार, मग पाण्यात डेप्थ चार्ज, म्हणजे स्फोटकाचं पिंप, पडल्याचा बुडुक आवाज. ते पिंपही प्रेशरवरच चालतं बरं का. ठरवलेल्या खोलीचं प्रेशर आलं की आतला पिस्टन सरकतो आणि स्फोट होतो. तोवर माना वर करून ऐकत राहायचं.

त्यानंतर ‘दि एनिमी बिलो’, १९५७, दिग्दर्शक डिक पॉवेल. वर अमेरिकन जहाज, खाली जर्मन पाणबुडी, वर रॉबर्ट मिचम, खाली कुर्ट युर्गेन्स. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही आणि दोघंही एकमेकांच्या डोक्यात शिरून विचार करतायत. डेप्थ चार्जच्या माऱ्याने खालच्या माणसांचा धीर सुटत आलाय असं दिसल्यावर युर्गेन्स रेकॉर्ड लावतो आणि सगळ्यांना गायला लावतो. ठावठिकाणा कळला तर कळला. वर मिचमच्या जहाजावर ते गाणं ऐकू जातं. आणि शेवटी, दोन्ही नौका संपल्यावर, मिचम शत्रूच्या कप्तानाकडे दोर फेकतो. त्या साली अमेरिकनांनी जर्मन कप्तानाला इतक्या मानाने दाखवलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

‘रन सायलेंट, रन डीप’ १९५८ चा. क्लार्क गेबल आणि बर्ट लँकेस्टर, दिग्दर्शन रॉबर्ट वाइज. त्यात मला आवडते ती कवायत. बुडी मारायची, टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून धावणारा बॉम्ब, सोडायचा, पुन्हा तेच, पुन्हा तेच, माणसं कंटाळून चिडेपर्यंत. मूळ कादंबरीचे लेखक एडवर्ड बीच स्वतः पाणबुडीवाले, आणि १९६० मध्ये ‘ट्रायटन’ ही पाणबुडी पाण्याखालून पृथ्वीप्रदक्षिणा करून आणणारे कप्तान. ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ बघा, मजा येते, पण त्यातली पाणबुडी मला फार कोरडी आणि प्रशस्त वाटते.

घरात लहान मूल असेल तर मात्र सुरुवात १९५४ च्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ पासून करा. जेम्स मेसनचा कॅप्टन निमो. आणि मुलाला हे जरूर सांगा, की ज्यूल व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, १८५७ च्या उठावात उतरलेला आपला माणूस, असं उघड केलं आहे. सिनेमात ते नाही. माझ्या नातीला मी सांगितलं तेव्हा तिने तो सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला.

आता ‘द गाझी अटॅक’बद्दल, कारण त्यावरून माझं लोकांशी वाजतं. २०१७ चा, संकल्प रेड्डी यांचा. के. के. मेनन, राणा दग्गुबाती आणि आपले अतुल कुलकर्णी. पाकिस्तानची ‘गाझी’ ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली हे खरं. भारतीय नौदलाच्या मते ‘आयएनएस राजपूत’च्या डेप्थ चार्जने, पाकिस्तानच्या मते स्फोट आतून किंवा त्यांच्याच सुरुंगाने. सिनेमात ती भारतीय पाणबुडी बुडवते, ती कथेसाठी केलेली जोड. आपल्याकडे पाणबुडीच्या आत बसून सबंध सिनेमा करायची हिंमत कोणीतरी केली, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण गळती लागते तेव्हा कॅमेरा पाण्याकडे कमी आणि चेहऱ्यावरच्या आवेशाकडे जास्त बघतो, हे खटकतं. आणि पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी, १७६ खलाशी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. तो सिनेमा अजून कोणी केला नाही. कोणीतरी करावा.

जुन्यांच्या यादीत न बसणारा, पण मी सोडू शकत नाही असा एक आहे, २००२ चा कॅथरीन बिगेलो यांचा ‘के-१९’. घटना खरी. ४ जुलै १९६१, सोव्हिएत अणुपाणबुडी, रिअॅक्टर, म्हणजे अणुभट्टी, थंड ठेवणाऱ्या नळीला गळती. बंदरापासून लांब, बदली यंत्रणा नाही. मग माणसांनी आत जाऊन वेल्डिंग करून पाण्याची नवी वाट तयार केली. पुरेसं संरक्षण नव्हतं. त्यातले आठ जण तीन आठवड्यांच्या आत गेले. सिनेमात रशियन माणसं इंग्रजी बोलतात, हॅरिसन फोर्डचा उच्चार जमत नाही, सगळं मान्य. पण ती पोरं दोघं-दोघं करून आत जातात, दहा मिनिटांनी बाहेर येतात आणि पुढची जोडी त्यांच्याकडे बघत आत शिरते, तिथे मी टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. दोन वर्षांनी, १० एप्रिल १९६३ ला, अमेरिकेची ‘थ्रेशर’ १२९ माणसांसह बुडाली. तिथेही नळीच्या जोडावरच संशय. त्यानंतर त्यांनी पाण्याचं प्रेशर सोसणाऱ्या प्रत्येक जोडाची नोंद आणि तपासणी सक्तीची केली. टेस्ट सर्टिफिकेटवर सही करायला वेळ का लावता, असं मला डिस्पॅचवाले विचारायचे. त्यांना मी ‘थ्रेशर’ सांगायचो.

के-१९ वर त्या दिवशी वासिली अर्खिपोव हे अधिकारी होते. पुढच्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९६२ ला, क्युबाजवळ ते बी-५९ या पाणबुडीवर होते. वरून अमेरिकन जहाजं इशाऱ्याचे स्फोट करत होती, आत उकाडा, हवा कुबट, आणि टॉर्पेडोत एक अणुबॉम्बचा. कप्तान तो सोडायच्या बेतात होता आणि अर्खिपोव यांनी त्याला आवरलं, असं त्या पाणबुडीवरच्या माणसांनी नंतर सांगितलं.

ती बी-५९ ज्या जातीची, त्याच फॉक्सट्रॉट जातीची आपली ‘कुरसुरा’. १९६९ ते २००१ नौदलात होती, आता विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. रिटायर झाल्यावर पहिल्या प्रवासाला मी आणि बायको तिथेच गेलो. ९१ मीटर लांब. पहिल्या गोल दारातून वाकून शिरलो आणि ज्या बोळातून पडद्यावर वाकानो धावले होते, तसाच बोळ समोर. मापून बघितलं, दोन्ही हात पसरता येत नाहीत. आणि जिकडे बघावं तिकडे वाल्व्ह. डोक्यावर, खांद्याशी, गुडघ्याशी, लाल-निळ्या चाकांचे, पितळी, शेकडो. बायको पुढे गेली होती, मागे रांग खोळंबली होती. मी एका चाकापाशी थांबलो, सवयीने ग्लँडच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याभोवतीच्या जोडाच्या, खाली बोट फिरवलं आणि बघितलं.

कोरडं होतं.