नॅशव्हिलला सहा तानपुरे आणि एका लाकडाचं नाव

व्हिसा, विमान, हॉटेल यांवर मी काही लिहीत नाही. ते सगळं सुरळीत झालं आणि सुरळीत झालेलं फारसं आठवतही नाही. माझी चीड आहे ती शिकागोच्या एका गोदामात नऊ दिवस पडून राहिलेल्या दोन लाकडी पेट्यांबद्दल.

आम्ही मिरजेचे. कारागीर नाही, विकणारे. 2024 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या एका वाद्यदुकानानं सहा तानपुरे आणि दोन सतारी घेतल्या. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं होतं, त्यामुळे आमची मानही जरा ताठ होती. जवारी लावून द्यायला, म्हणजे घोडी घासून तारांचा आवाज उघडून द्यायला, मी स्वतः जायचं ठरलं. कोणी असं जाणार असेल तर एक करा: विक्रीच्या करारातच ‘माल पोचल्यावर जुळवून देणे’ हे लिहून घ्या. बी-वन या धंद्याच्या भेटीसाठीच्या व्हिसावर तिकडे पगारी काम चालत नाही, पण आपण विकलेल्या वस्तूची करारात ठरलेली जोडणी चालते. मला विमानतळावर हेच विचारलं, मी कागद दाखवला, दोन मिनिटांत बाहेर.

माल विमानानं शिकागोला उतरणार आणि तिथून ट्रकनं नॅशव्हिलला येणार होता. मी पोचलो, माल पोचला नाही. ज्या दलाल कचेरीकडे कस्टममधून माल सोडवण्याचं काम होतं, तिथून रोज एकच ओळ यायची: तपासणी चालू आहे. काय तपासताय, कोण तपासतंय, कुठला कागद कमी आहे, यातलं काही नाही. फोन केला की संगीत. संगीतनगरी म्हणवणाऱ्या नॅशव्हिलमध्ये मी सगळ्यात जास्त ऐकलं असेल तर ते होल्डवरचं संगीत.

चौथ्या दिवशी दुकानाचे मालक स्वतः फोनवर बसले तेव्हा कळलं. हे मालक म्हणजे सत्तरीतले गृहस्थ, बँजो आणि मँडोलिन दुरुस्त करण्यात हयात गेलेली. अडचण लाकडाच्या नावाची होती.

तानपुऱ्याची दांडी आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) तुनाच्या लाकडाची असते, हे मिरजेत शाळकरी पोरालाही माहीत. पण अमेरिकेत लेसी नावाचा कायदा आहे. मूळ 1900 चा, 2008 मध्ये त्यात झाडं आणि लाकूड आलं. अडीच हजार डॉलरच्या वरचा माल रीतसर आणायचा तर लाकडाचं शास्त्रीय नाव, ते कुठल्या देशात तोडलं आणि किती आहे, हे लिहून द्यावं लागतं. आमच्या मुंबईच्या क्लिअरिंग एजंटनं कुठल्या तरी जुन्या बिलावरून नाव उतरवलं: सेड्रेला टूना. तुनाचं हे जुनं नाव. आजचं नाव टूना सिलिआटा. फरक एवढासाच वाटतो ना? पण सेड्रेला ही मुळात दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली झाडं, आणि 2020 पासून तिकडची ही सगळी झाडं सायटिस या, धोक्यातल्या झाडाप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात संरक्षित आहेत. म्हणजे आमच्या कागदावरच्या एका शब्दानं बांधावरचा तुन परक्या जंगलातला करून टाकला, आणि ते मागायला लागले त्याचा परवाना.

त्यात भर म्हणून पॅकिंग लिस्टवर मी स्वतः, शान वाढावी म्हणून, ‘इंडियन महोगनी’ असं लिहिलं होतं. तुनाला इंग्रजीत तसं म्हणतात हे खरं. पण खरी महोगनीसुद्धा त्याच करारात आहे! एका कागदावर सेड्रेला, दुसऱ्यावर महोगनी, पेटीत तुन. आता विचार केला तर अडवणाऱ्याचं फार चुकलं असं म्हणवत नाही. पण चार दिवस सांगितलं का नाही, हे माझं म्हणणं आजही आहे.

रात्री दहाला मिरजेत, वाद्यं बनवणाऱ्या आमच्या चाचांना फोन लावला, तिथे सकाळचे साडेआठ.

“चाचा, तुनाचं शास्त्रीय नाव काय?”

“तुन म्हणजे तुन. अजून काय नाव असतं त्याला?”

“कागदावर लिहायचंय.”

“मग लिही की तुन. माझ्या बापानं पण तुनच वापरलं.”

आणि भोपळा? त्याचंही नाव हवंच होतं. लॅजिनेरिया सिसेरारिया. हे मी चाचांना सांगितलं तर ते इतके हसले की मागे कानस चालवणारा पोरगा थांबला. बेगमपूरच्या शेतातला भोपळा तो, त्याला बिचाऱ्याला हे कधी कळणार.

मी चिडलेला पाहून दुकानाच्या मालकांनी एक गोष्ट सांगितली. याच शहरातल्या गिब्सन या गिटार कंपनीवर 2011 च्या ऑगस्टमध्ये सरकारी लोकांनी छापा घातला होता, आणि वाद होता भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या लाकडाचा. 2012 मध्ये तडजोड होऊन कंपनीला तीन लाख डॉलर दंड भरावा लागला. “इथे लाकूड म्हटलं की सगळे दोनदा विचारतात,” ते म्हणाले. तुम्ही शिसवीची वाद्यं नेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीपासून सायटिसमध्ये सूट आहे, नुसत्या लाकडाला नाही. लेसीचा कागद मात्र दोन्हींना.

सुधारलेला कागद गेला पाचव्या दिवशी. पुढचे चार दिवस पुन्हा तीच ओळ. गोदामात दोन दिवस फुकट, नंतर वजनावर भाडं, आणि भोपळ्याच्या पेट्या हलक्या असल्या तरी जागा खातात म्हणून आकारमानाचा हिशोब लावला. तो आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही.

वाट बघत शहर पायाखाली घातलं. ब्रॉडवे रस्त्यावर सकाळीच दारोदार बँड वाजायला लागतात, आत जायला पैसे नाहीत, वाजवणाऱ्यांपुढे बादली फिरते. मला एकाने तानपुरा घेऊन मंचावर या म्हटलं. आधी तानपुरा शिकागोत होता, आणि असता तरी बी-वनवर बादलीतले पैसे घ्यायचे नसतात. रायमन सभागृह मात्र बघाच. 1892 मध्ये प्रवचनांसाठी बांधलेलं, चर्चसारखे लांब लाकडी बाक, आणि 1943 ते 1974 तिथे ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम व्हायचा. बाकावर बसल्यावर मला आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याची आठवण झाली. उरुसाला रात्रभर गाणं ऐकत बसलेलो असतो, तशीच पाठ अवघडली.

दहाव्या दिवशी पेट्या आल्या. एका भोपळ्याला केसाएवढी चीर होती, बाकी सगळं धड. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून घोडीवर कानस फिरवली, तारेखाली सूत सरकवलं. पाचेक मिनिटं नुसतं खरखर, मग एकदम आवाज उघडला. म्हातारबुवांनी बँजो खाली ठेवला आणि भोपळ्याला कान लावला. 2006 मध्ये इथल्या शर्मरहॉर्न सभागृहाच्या उद्घाटनाला तबल्यावर झाकीरभाई, बँजोवर बेला फ्लेक आणि बासवर एडगर मायर होते, त्याची त्यांना आठवण. मी तिथे बसलो होतो तेव्हा झाकीरभाई हयात होते. दोन महिन्यांनी गेले.

उरलेल्या सातांपैकी सहा वाद्यं लावायला चार दिवस पुरले, सातवं परतीच्या सकाळी, टॅक्सी दाराशी उभी असताना.

हो, सांगायचं राहिलं: पेटीच्या फळ्यांवर एचटी शिक्का हवा, म्हणजे 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं लाकूड. आणि आत भाताचा पेंढा अजिबात भरू नका. चाचा पहिल्यांदा तोच भरत होते, मी ऐनवेळी पाहिलं म्हणून.