व्यायाम चालू आहे, मग ऑक्युपेशनल थेरपी कशाला?

नाशिकमध्ये लकव्याच्या पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, ‘फिजिओथेरपी चालू आहे, आता ही नवीन थेरपी कशाला?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नवीन मुळीच नाही; मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० साली याचं शिक्षण सुरू केलं.

व्यायामानं हात उचलला जाईल, पण त्या हातानं सदरा घालता येईलच असं नाही. रोजचं काम नेमकं कुठे अडतं ते आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघतो आणि पद्धत, वस्तू नाहीतर जागा बदलतो.

सदऱ्याचंच घ्या. पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीवर बसायचं. लकव्याचा हात आधी बाहीत घालायचा आणि बाही कोपराच्या वर, थेट खांद्यापर्यंत ओढायची. मग कॉलर मानेमागून फिरवायची, चांगला हात शेवटी. काढताना चांगला हात आधी. बहुतेक जण बाही कोपरापर्यंतच ओढतात. मग सदरा पाठीवर गोळा होतो, दुसरी बाही सापडत नाही, आणि घरचे ‘राहू दे, मी घालतो’ म्हणत पुढे होतात. कृपा करून थांबा. वीस मिनिटं लागली तरी लागू द्या.

जेवणाचंही तेच. उजवा हात गेला की डाव्या हातानं जेवायला जुन्या माणसांना नको वाटतं, म्हणून घरचे भरवतात आणि ती सवय सुटता सुटत नाही. त्यापेक्षा डाव्या हातात चमचा द्या. ताटाखाली ओला फडका घातला की ताट सरकत नाही. ताट उभ्या काठाचं असलं की भात काठाला अडून चमच्यात येतो.

बोटं आवळून मिटत असतील तर स्पंजचा बॉल दाबायला देऊ नका. त्या हाताला उघडायला शिकायचंय. उठवताना काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. न्हाणीघरात टॉवेलच्या दांडीचा आधार नको, ती उखडते. भिंतीत पक्का बसवलेला बार हवा.

निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार हाताची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) शिवल्यावर विचारतात, ‘छाटणीपर्यंत हात येईल ना?’ साधारण १२ आठवडे जोराची पकड नको, घाईत शिवण तुटू शकते. त्यानंतरही आधी मणी विरळणीची हलकी कात्री, मग छाटणीची.