मारा की क्रुगर: निकाल लावला आईच्या रविवारच्या गोळीने

आमच्या घरी आफ्रिका म्हणजे केनियातलं मसाई मारा, एवढंच समीकरण होतं. मारा नदीच्या काठावर घुटमळणारी विल्डेबीस्टं (गायीसारखी दिसणारी आफ्रिकन हरणं), त्यातल्या एकाने उडी टाकली की मागून धबाधबा पडणारे हजारो, आणि खाली ओंडक्यासारख्या पडून असलेल्या मगरी. हे टीव्हीवर इतक्यांदा बघितलंय की आपण तिथे जाऊन आलोय असंच वाटायचं. जंगल आम्हाला नवीन नाही. नागपूरकर आहोत, ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला हे आमचं नेहमीचं. पण आपल्याकडे बांबूच्या आड दोन सेकंद पट्टे दिसले तरी त्याला सायटिंग म्हणायचं आणि वर्षभर सांगत बसायचं. नजर पोचेल तिथवर उघडं गवत आणि त्यात जनावरंच जनावरं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

नोव्हेंबरमध्ये ठरवलं की येत्या जूनमध्ये जायचं. मी, बायको, सहावीतली मुलगी आणि 67 वर्षांची आई. जून का, तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईची पोरं शाळेत जायला लागतात तेव्हा आमची सुट्टी अजून उरलेली असते. हा एरवीचा फायदा पुढे आमच्याच अंगाशी आला.

टूरवाल्या दादांनी पहिल्याच भेटीत माराचा सगळा कार्यक्रम मांडून दिला. मुंबई ते नैरोबी थेट विमान, सहा तासांच्या आसपास. नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तासांत माराचं सेकेनानी गेट. केनियाचा व्हिसा असा नाहीच, 2024 पासून ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. घरबसल्या काम. मुलीने त्याच दिवशी तिथल्या स्वाहिली भाषेतली नावं पाठ करायला घेतली: सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, डुमा चित्ता, किफारू गेंडा. गाडीला तिकडे 'गारी' म्हणतात आणि दुकानाला 'डुका', हे कळल्यावर आईला तो देश एकदम ओळखीचा वाटायला लागला.

पहिली शंका काढली बायकोने. "जूनमध्ये ते प्राणी तिथे असतात का पण?"

नसतात. निदान भरवसा नसतो. तेरा लाखांच्या घरातली ती विल्डेबीस्टं वर्षभर गवताच्या मागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च ती दक्षिण सेरेंगेटीत, टांझानियात असतात. तिथेच पिल्लं होतात. मग उत्तरेकडे सरकत सरकत ती मारात येतात साधारण जुलैमध्ये, आणि ऑक्टोबरपर्यंत राहतात. म्हणजे आम्ही जूनमध्ये जाऊन रिकाम्या नदीकाठाचे फोटो काढणार. दादांचं म्हणणं, "सर, सिंह तर बाराही महिने असतात." खरंच आहे ते. माराचे सिंह, चित्ते, तरस तिथलेच रहिवासी. शिवाय जून अखेरपर्यंत माराची प्रवेश फी परदेशी माणसाला दिवसाला 100 डॉलर असते, 1 जुलैपासून तीच 200 होते, आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. त्या हिशोबाने जूनच बरा, अशी मी मनाची समजूत घातली. ज्या नदीसाठी जायचं तीच वगळून, हे सोयीस्करपणे विसरलो.

क्रुगरचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या राष्ट्रीय उद्यानाचं, नाव ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने काढलं. त्याने स्वतः गाडी चालवत दक्षिण आफ्रिका केली होती. मी हसलोच. जंगलात डांबरी रस्ता आणि आपली आपण गाडी? ती काय सफारी झाली? त्याने शांतपणे विचारलं, "आईंना मारातल्या कच्च्या रस्त्यावर रोज आठ तास बसवणार आहेस का?"

हा विचार मी केलाच नव्हता. आईला संधिवात आहे. ताडोब्यात जिप्सीतून उतरल्यावर ती दोन दिवस कंबर धरून असते, आणि तिथे तर फेरी चारेक तासांची. मारात छत वर उघडणारी गाडी असते, उभं राहून बघायचं असतं, आणि आडोशाला जायचं तर गाइड आधी झुडपामागे बघून येतो आणि मग तुम्ही. आई दर दीड तासाला बाथरूम शोधणारी बाई.

तरी मी हट्ट सोडला नव्हता. निकाल लावला तो रविवारच्या गोळीने.

केनिया पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांत मोडतो. तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर पुरते. नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मला वाटलं, चौघांनी जाऊन टोचून यायचं, झालं. सहज म्हणून आईच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारलं. आई आठवड्यातून एकदा, दर रविवारी, मेथोट्रेक्सेट घेते आणि कॅलेंडरवर त्या तारखेला पेनाने गोल करते, दोनदा घेतली जाऊ नये म्हणून. डॉक्टरांनी ते कॅलेंडर कधी बघितलेलं नाही, पण गोळी त्यांचीच.

"ही लस जिवंत विषाणूची असते," ते म्हणाले. "आईंची प्रतिकारशक्ती आपण औषधाने मुद्दाम कमी ठेवलीय. साठीच्या पुढे या लशीचा धोका तसाही जास्त, त्यात हे औषध. मी नाही द्यायला सांगणार."

"आणि गोळी थोडे दिवस बंद ठेवली तर?"

"सिंह बघायला?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी कागद गोळा केले.

डॉक्टर सूट-पत्र लिहून देऊ शकतात, असं नंतर कळलं. पण ते पत्र परतीच्या विमानतळावर कोण, कसं वाचेल याची खात्री नव्हती. दुसऱ्या एका एजंटाने तर फोनवर सरळ सांगितलं, "लशीचं कार्ड मिळवून देतो, आईंना सुईसुद्धा टोचायची नाही." एवढ्या सहजपणे, जणू नाटकाचं तिकीट. मी फोन ठेवला. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही तिघं जाऊन या. मी फोटो बघीन." हे ती खरंच मनापासून म्हणते, आणि म्हणूनच ते ऐकून पुढे काही करवत नाही.

त्या रात्री पहिल्यांदा क्रुगरचा नकाशा नीट उघडला. पार्क 19,485 चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ दोन अख्खे नागपूर जिल्हे. उलट मसाई मारा राखीव क्षेत्र 1,510. आमचा ताडोबा बफर धरून त्याहून मोठा आहे, हे वाचून मी दोनदा तपासलं. अर्थात माराला कुंपण नाही, ते सेरेंगेटीला लागूनच आहे, त्यामुळे प्राण्यांच्या दृष्टीने तो आकडा काहीच सांगत नाही. आपल्या दृष्टीने मात्र सांगतो, कारण तिथून गाडी पलीकडे सेरेंगेटीत काढायची पर्यटकांना सोय नाही.

क्रुगर 1926 साली राष्ट्रीय उद्यान झालं, त्याचा मुळातला साबी राखीव भाग 1898 चा. पण मला इतिहासापेक्षा बाथरूम मोजायचे होते. ते मोजले. मुक्कामाचे कॅम्प कुंपणाच्या आत, मधेमधे पिकनिक स्पॉट, तिथे स्वच्छतागृह, चहा, सगळं. मुख्य रस्ते डांबरी, वेगमर्यादा 50, कच्च्यावर 40. दक्षिण आफ्रिका भारतातून थेट येणाऱ्यांकडे पीतज्वराचं कार्ड मागत नाही. मलेरियाचा भाग तो आहेच, पण जून म्हणजे तिथला कोरडा हिवाळा, डास कमी. बाकीचं डॉक्टरांनी आईच्या चालू गोळ्या बघून ठरवलं. शिवाय पानं झडलेली आणि पाणवठे आटत आलेले, म्हणजे जनावर पाण्यावर येणार. जो जून मारासाठी चुकीचा होता तोच इथे बरोबर बसला.

आता गंमत बघा. जोहान्सबर्गचं सगळ्यात स्वस्त तिकीट मिळत होतं अदिस अबाबामार्गे, तिथे चौदा तासांचा मुक्काम. मी पैसे भरायच्या बेतात होतो. बायकोने थांबवलं. इथिओपियाही पीतज्वराच्या यादीत, आणि अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका कार्ड मागते. ज्या दारातून बाहेर पडलो त्याच दारातून परत आत शिरलो असतो. दुबईमार्गे गेलो, माणशी पैसे बरेच जास्त पडले.

व्हिसा मात्र इथे खराखुरा लागला. विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, चौघांचे बोटांचे ठसे, बँकेची स्टेटमेंटं, मुलीचा आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला. महानगरपालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे भाषांतर वाचलं. लायसन्स इंग्रजीत असेल तर तिकडे चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवला. गाडी भाड्याने देणारे कधी काय मागतील सांगता येत नाही. गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, ही सगळ्यात मोठी सोय.

कॅम्पचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. आम्ही सात महिने आधी जागे झालेलो. स्कुकुझा आणि सटारा मिळाले, नदीकाठचं लोअर साबी भरलेलं. मग रोज सकाळी दात घासताना वेबसाइट उघडायची आणि कोणी रद्द केलंय का बघायचं. तेराव्या की चौदाव्या दिवशी लोअर साबीत दोन रात्री मोकळ्या दिसल्या. तोंडात फेस असतानाच कार्डाचा नंबर टाकला. प्रवेश फी तिथेही आहेच, परदेशी माणसाला दिवसाला पाचशे-सहाशे रँडच्या घरात, पण डॉलरमधल्या माराच्या फीपुढे ती सुसह्य वाटली.

प्रवासाचं फार लांबवत नाही. स्कुकुझाच्या गोल झोपडीच्या व्हरांड्यातच छोटं स्वयंपाकघर होतं, फ्रिजला माकडांमुळे कडी. आईने पहिल्याच संध्याकाळी मुगाची खिचडी टाकली, आणि शेजारच्या व्हरांड्यातला गोरा म्हातारा शेगडीवर मांस भाजता भाजता वास कशाचा म्हणून विचारायला आला. मुलगी क्रुगरमध्येही हट्टाने स्वाहिली बोलत होती. तिथली भाषा वेगळी आहे हे तिला मान्यच नव्हतं. इम्पाला म्हणजे तिथलं चितळ, दुसऱ्या दिवसापासून कोणी मानही वळवत नाही. चित्ता दिसला नाही. झाडी दाट आहे, आपल्यासारखीच, आणि ते उघडं मैदान, ज्यासाठी सगळा घाट घातला होता, ते इथे तसं नाहीच. सटाराच्या बाजूला थोडं मिळालं. सिंहही तिथेच, चक्क डांबरावर, थंडीत रस्ता ऊबदार असतो म्हणून.

एक संध्याकाळ मात्र सांगायलाच हवी. स्कुकुझाहून लोअर साबीला, नदीला धरून जाणारा रस्ता, अंतर 46 किलोमीटर. जूनमध्ये कॅम्पचं गेट साडेपाचला बंद होतं, उशीर झाला तर दंड. पावणेपाचच्या सुमारास, सोळा किलोमीटर उरलेले असताना, वळणावर रस्ता संपलाच. पुढे हत्ती होते. अकरापर्यंत मोजले, मग झाडीतून आणखी निघाले. एक मोठी मादी मधोमध उभी राहिली आणि कान पसरून आमच्याकडे बघत राहिली. इंजिन बंद केल्यावर फक्त फांद्या मोडल्याचा कडकड आवाज, आणि तिच्या पोटातून येणारी एक घुरघुर, जी कानाला कमी आणि गाडीच्या दाराला टेकलेल्या कोपराला जास्त कळत होती. तिच्या पायांमधून एक पिल्लू सोंड नुसतीच हलवत होतं, ती कशासाठी असते ते अजून कळलं नसल्यासारखं.

आईने आयुष्यात कधी मला गाडी कशी चालवायची ते सांगितलेलं नाही. ती मागून हळूच म्हणाली, "बाळा, मागे घे." इंजिन सुरू करून रिव्हर्स टाकला, तर भाड्याच्या गाडीचा सेन्सर टूं टूं वाजायला लागला. मादीने मान वळवली आणि दोन पावलं पुढे टाकली. तो आवाज बंद कुठून करायचा ते मला आजही माहीत नाही. वीसेक मीटर मागे जाऊन थांबलो. पाच वाजून गेले. कोणी बोलेना.

पाच वाजून आठ मिनिटांनी रस्ता मोकळा झाला. सोळा किलोमीटर, वेग पन्नासच्या वर न्यायचा नाही. बायको मांडीवर फोन ठेवून वेळ मोजत होती, मुलगी "बाबा, डाव्या बाजूला काहीतरी" म्हणत होती आणि मी बघत नव्हतो. गेटमधून आत आलो तेव्हा साडेपाचला एक मिनिट कमी होतं.

गाडी लावली. हात अजून स्टिअरिंगवरच होते. बायको म्हणाली, "मारात हे घड्याळ गाइडने बघितलं असतं." मागून आई म्हणाली, "आणि मी हे फोटोत बघितलं असतं," आणि बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते विचारलं.