गुंजभर सोनं

सावकारांचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात एका बटाट्याच्या अडत्याचा काटा उघडून बसलो होतो. "मेस्त्री, वजनांची पेटी घेऊन या. मामांच्या समोरच काय ते होऊन जाऊ दे." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त काळजी वाटली.

बेळगावच्या शहापुरातली ही सराफी पेढी जुनी. मामा तिथले कारागीर, सावकारांच्या वडिलांच्या वेळचे. मी पोचलो तर ते पाटावर मान खाली घालून बसले होते आणि शेजारच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

आठ दिवसांत तीनदा मामांनी घडवून दिलेला माल कमी भरला होता. घडवताना जाते ती ठरलेली घट धरूनही. १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम, म्हणजे गुंजेला जरा कमी. लोखंडवाला हसून सोडून देईल, सराफ सोडणार नाही.

मी आधी वही मागितली. १०० ग्रॅमला तूट साधारण ०.१०, ६० ला ०.०६, ४० ला ०.०४. बावीस वर्षं काटे दुरुस्त करतोय. हातचलाखी करणारा माणूस अशा त्रैराशिकाने सोनं काढत नाही. एवढं शिस्तीत कमी करतं ते यंत्र.

"सोनं देताना कशावर मोजता?"

"मामांचा हट्ट. जुन्या तराजूवर."

"आणि परत घेताना?"

सावकारांनी नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे बोट केलं. मेव्हण्याने दिल्लीहून आणलेला, ३०० ग्रॅमचा, ०.०१ पर्यंत दाखवणारा. सोबत दिल्लीतच अचूक जुळवल्याचा कागदही होता. आपल्याकडच्या वजनमाप खात्याचा शिक्का मात्र नव्हता.

पेटीतलं ५० ग्रॅमचं वजन ठेवलं: ४९.९५. १०० चं: ९९.९०. २०० चं ठेवल्यावर १९९.८०. शून्य अगदी बरोबर. मग तीच वजनं जुन्या तराजूच्या एका पारड्यात आणि पेढीची पितळी वजनं दुसऱ्यात. काटा मधोमध उभा.

"म्हणजे नवा काटा बिघडलाय?" सावकार.

इथेच माझी पंचाईत झाली, कारण तो बिघडला नव्हता. कागदही खोटा नव्हता.

या काट्याच्या पोटात धातूचा एक ठोकळा असतो. पृथ्वी सोन्याला खाली ओढते, त्या ओढीने तो केसभर वाकतो आणि किती वाकला त्यावरून आकडा येतो. म्हणजे काटा सोनं मोजतच नाही, ओढ मोजतो आणि तिचं ग्रॅममध्ये भाषांतर करतो. ते भाषांतर दिल्लीच्या ओढीवर बसवलेलं. दिल्लीत गुरुत्वाचा आकडा ९.७९१ च्या आसपास, आपल्या बेळगावात ९.७८२ च्या. फरक हजारात एकाचा. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, तिथे फिरण्याचा वेगही जास्त, आणि आपण दिल्लीपेक्षा विषुववृत्ताच्या बरेच जवळ. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, त्याचीही थोडी भर. लोलकाचं घड्याळ दिल्लीत जुळवून इथे टांगलं तर तेही दिवसाला चाळीसएक सेकंद मागे पडेल. १६७२ साली झां रिशे नावाचा फ्रेंच माणूस पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं घड्याळ असंच रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं होतं.

"मग तराजूला हे का कळत नाही?" मामांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कारण तुमच्या तराजूत ओढ दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते, मामा. तो वस्तुमान ताडून बघतो. चंद्रावर नेला तरी तुमचं १०० ग्रॅम सोनं तिथेही १०० च भरेल. हा दिल्लीचा काटा तिथे साडेसोळाच्या जरा वर दाखवेल."

सावकार धंद्याचा माणूस. "मग चंद्रावर खरेदी करायची आणि शहापुरात विकायची!"

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत.

काटा पंधरा मिनिटं सुरू ठेवला, पंखा बंद करायला लावला. २०० ग्रॅमच्या वजनावर इथल्या ओढीला जुळवून घेतला. पुन्हा १०० ठेवलं, १००.०० आलं. खात्याचा शिक्का पडेपर्यंत यावर व्यवहार करू नका, असं बजावलं. तोवर सावकारांनी मामांसाठी दुसरा चहा मागवला होता, स्वतः पुढे सरकवला. माफीचा शब्द काही निघाला नाही. अशा घरांत माफी चहानेच मागतात म्हणे; मला ते पटत नाही, पण मी काटेवाला, मला कोण विचारतो.

पेटी आवरताना मात्र राहवलं नाही.

"सावकार, या आठ दिवसांत जुन्या दागिन्यांची मोड घेतली का कुणाची?"

"घेतली की. का?"

"कशावर मोजली?"

हसण्यावारी नेलेला चंद्र तेव्हा पेढीवर उतरला. कारागिराचं सोनं कमी दाखवणाऱ्या काट्याने गिऱ्हाईकाचंही कमीच दाखवलं असणार, आणि ते सावकारांच्या पदरात पडलं होतं. दहा तोळ्यांना गुंजभर. ते कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं, कारण तक्रार करायला समोर कुणी बसलेलं नव्हतं.

सावकार बराच वेळ नव्या काट्याच्या शून्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वही मामांकडे सरकवली. मामांनी चष्मा पुसला आणि बोट ओळीओळीने खाली नेत थांबवलं.

"कडोलीच्या बाईंच्या पाटल्या. चार तोळे. यांचे ४० मिलिग्रॅम."

सावकारांनी पोराला फोन लावायला सांगितला.