आईच्या गोधडीतले बांध

अश्विन पौर्णिमा, रात्री

आज वर्षावास, भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, संपला. आषाढ पौर्णिमेपासून विहारात चाललेलं ग्रंथवाचन पूर्ण झालं, खीर वाटली गेली, आणि आता कार्तिक पौर्णिमेपर्यंत वस्तीवस्तीत कठिन चीवरदानाचे, म्हणजे भिक्खूंना वस्त्र देण्याचे, कार्यक्रम होतील. आई गेल्यानंतरची ही पहिली अश्विन पौर्णिमा. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या मृत्यूनंतरच्या विधीच्या, दिवशी जो तो उठून तिच्या शांत स्वभावाबद्दल बोलला. शांत वगैरे ती मुळीच नव्हती. टाक्यांची ओळ वाकडी गेली तर समोर कोणीही असो, ती उसवायला लावायची. तिच्या हातात काय होतं त्यावर मात्र कुणी बोललं नाही, म्हणून ते इथे उतरवून ठेवायचं.

तिच्या गोधड्या उत्तर नागपुरात ओळखल्या जायच्या त्या एका मांडणीमुळे. ही मांडणी चीवराची. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, कथा आहे: दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांनी मगधाची भातशेती पाहिली. लांब पट्टे, आडवे तुकडे, मधून बांध, बांधाला बांध मिळतो तिथे चौक. तशा रचनेचं चीवर करता येईल का, असं त्यांनी आनंदाला विचारलं, आणि आनंदाने ते करून दाखवलं. म्हणून भिक्खूंचं चीवर आजही अखंड कापडाचं नसतं. ते कापून, खंड जोडून, मध्ये बांधाच्या पट्ट्या घालून शिवलेलं असतं. कापलेल्या कापडाला बाजारात मोल राहत नाही, चोरालाही ते नकोसं होतं, हा त्यातला व्यवहार. सुरुवातीच्या काळात तर उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या धुऊन चीवर करत. आईला हे सगळं भंतेजींच्या प्रवचनात कळलं, आणि तिने घरी येऊन कागदावर चौकोन आखायला घेतले. आमच्याकडच्या गोधड्यांत तोवर चौकोनात चौकोन एवढीच रीत होती.

तिचं माप असं. तयार गोधडी 81 इंच लांब, 46 इंच रुंद. चारही बाजूंनी 3 इंचांची किनार. आत उरतात 75 बाय 40. त्यात उभे पाच पट्टे, प्रत्येक पावणेसात इंचांचा, आणि मध्ये चार बांध दीड-दीड इंचाचे. बेरीज पावणेचाळीस, उरलेलं पाव इंच ती मुद्दाम सोडायची, शिवताना ते कुठे ना कुठे जातंच. प्रत्येक पट्टा एका आडव्या बांधाने तोडायचा: 48 इंचांचा लांब तुकडा आणि साडेपंचवीसचा आखूड. पहिल्या पट्ट्यात आखूड तुकडा वर, दुसऱ्यात खाली, तिसऱ्यात परत वर. कापताना प्रत्येक कडेला अर्धा इंच दाब, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, जास्त. नव्या कापडाला पाव इंच पुरतो, पण जुनं कापड कडेला सुटतं, त्याला अर्धा लागतोच.

गोम आहे ती जोडात. पाच पट्टे, चार बांध म्हणजे आठ उभ्या शिवणी. प्रत्येक शिवणीत फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चूक झाली तरी शेवटी सगळी मिळून इंचभर होते, आणि मग किनार बसत नाही. म्हणून आई सगळे पट्टे एका दमात जोडायची नाही. दोन पट्टे आणि एक बांध झाला की टेपने मोजायची, मग पुढचा. मोजायला टेलरचा कापडी टेप, पण तोही वापरून वापरून ताणला जातो, म्हणून तिच्याकडे एक लाकडी फूटपट्टी होती आणि दर काही महिन्यांनी टेप त्या पट्टीला लावून पाहिला जायचा.

चीवराचा रंग मात्र तिने गोधडीला कधी दिला नाही. काषाय रंगाचा तुकडा हाती आला तर बाजूला काढून ठेवायची. मांडणी घेतली तेवढी पुरे, अंगावर घेऊन लोळायच्या वस्तूला तो रंग नको, एवढंच तिचं म्हणणं. पौर्णिमेला ती अष्टशील, म्हणजे उपोसथाचे आठ नियम, पाळायची, पांढरं नेसायची, दुपारी बारानंतर जेवण नाही. त्या दिवशी सुई धरली तर ती विहाराच्या आसनपट्ट्यांसाठीच. दिवेलागणीला सुई धरू नये वगैरे मात्र तिने मानलं नाही. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेत दिलेल्या 22 प्रतिज्ञा घेतलेल्या बाईची ती मुलगी. दिवेलागणीला ती सुई ठेवायची खरी, पण ट्यूबलाइटमध्ये निळ्या कापडावर निळा दोरा दिसत नाही म्हणून.


दुसऱ्या दिवशी

पेटीतलं कापड आज उन्हात टाकलं. ऑक्टोबरचं हे नागपुरी ऊन त्यासाठी चांगलं. मे महिन्यातलं नाही, ते रंग खातं आणि जुना धागा कडक करतं.

कापडाची पारख हे आईचं खरं काम. रंगसंगतीचं कौतुक सगळे करतात, पण रंग शेवटी ठरतो. आधी ती प्रत्येक तुकडा खिडकीशी धरून उजेडात पाहायची. लुगडं बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी विरतं. तिथे उजेड जास्त येतो. तो भाग वरच्या थराला चालत नाही, आतल्या थरात चालतो. मग दोन बोटांत धरून तिरकं ओढायचं. बारीक चर्र आवाज आला की ते कापड फक्त ठिगळाच्या भरतीला. काठ आधी कापून काढायचे, कारण काठाची वीण घट्ट असते, धुतल्यावर तो वेगळा आटतो आणि शेजारचं कापड चुणतं. करवतकाठी टसरचे तुकडे कुणी दिले तर ते फक्त कोपऱ्यांना. रेशीम अंगाखाली घासून फाटतं. पॉलिस्टर साडी फुकट मिळाली तरी नको. ती थरात सरकते, घाम धरत नाही, आणि सुई जाताना कुरकुरते.

गांधीबागेतून आणलेलं नवं सुती कापड असेल तर रात्रभर पाण्यात, सकाळी वाळवून मगच कात्री. लाल आणि गडद निळ्याची परीक्षा वेगळी: ओलं पांढरं फडकं त्यावर ठेवून वर गरम इस्त्री दाबायची. फडक्याला रंग लागला तर ते कापड मिठाच्या पाण्यात घालून, पाणी पांढरं निघेपर्यंत धुऊन, पुन्हा तीच परीक्षा. दुसऱ्यांदाही उतरला तर विसरायचं. एका लाल तुकड्याने आख्खी गोधडी गुलाबी होते, आणि ते पहिल्या धुण्यालाच कळतं, म्हणजे फार उशिरा.

आतले थर नऊवारीचे. हिशेब सोपा आहे: नऊ वार म्हणजे 27 फूट, चार तुकडे केले की प्रत्येकी पावणेसात फूट, म्हणजे बरोबर 81 इंच. एका लुगड्यात बिनजोडाचे चार थर निघतात, तीन आत आणि एक पाठीला. गोधडीची लांबी 81 कशी ठरली, त्याचं उत्तर हे आहे. पाचवारीचं तसं होत नाही. नावाला पाच वार, पण असते साधारण 18 फूट; तिचे तीन तुकडे सहा-सहा फुटांचे होतात, उंच माणसाचे पाय बाहेर. वरचा जोडलेला थर धरून पाच थर नागपूरच्या नेहमीच्या थंडीला पुरतात. 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर आला होता, तेव्हा पुरले नव्हते. पण तसल्या एका रात्रीसाठी सहावा थर घातला तर सुई ओढताना बोटं जातात, असा तिचा हिशेब.

पेटीच्या तळाशी एक पांढरं लुगडं होतं, आजीचं. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षेसाठी लोक पांढरे कपडे घालून आले होते; आजीने तेव्हा हे नेसलं होतं. दीक्षाभूमीवर तेव्हा स्तूप नव्हता, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मोकळं मैदान होतं. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये, 1877 सालची ती गिरणी, तिथल्या पगारातून घेतलेलं लुगडं. आईने ते जपून ठेवलं नाही, वापरलं. अर्ध्याहून जास्त तिच्या तीन गोधड्यांत गेलंय, आणि तेही वरून दिसत नाही: वरच्या थराच्या लगेच खाली, दुसऱ्या नंबरला. कारण विचारलं की व्यवहाराचं सांगायची. वरचं कापड फिकट असलं की खालचा रंग त्यातून डोकावतो. पांढरं असेल तर वरचा रंग उजळ दिसतो. लोक म्हणत, फ्रेम करून भिंतीला लावायचं होतं. तिचं उत्तर: "काचीत ठेवून काय करतं? पांघरू दे ना पोराइले."


पुढच्या रविवारी

थर लावताना जमीन सपाट हवी. फरशीवर सतरंजी नको, ती खाली चुणते. पाठीचा थर उलटा टाकून कडांवर वजन ठेवायचं, आईकडे वरवंटा आणि फरशीचे तुटके तुकडे होते. मग एकेक थर, प्रत्येकाचा उभा धागा एकाच दिशेला. एक थर जरी तिरका पडला तर गोधडी धुतल्यावर समोसा होते. कच्चा टाका मधूनच सुरू करायचा आणि कडेकडे जायचं, वीतभर अंतराने, दोन-दोन इंचांचे लांब टाके. दोरा पांढराच, रंगीत दोऱ्याचे ठिपके मागे राहतात. कडेकडून आत आलात तर मध्ये फुगा जमतो आणि तो नंतर कशानेच जात नाही.

पक्क्या टाक्याला वीस नंबरचा सुती दोरा, एकेरी, मेणावरून ओढलेला, लांबी हातभर. त्याहून लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात. सुई बारीकच. दाभणाने काम भरभर होतं खरं, पण जुन्या कापडाला भोकं पडतात आणि तीच पुढे फाटीची सुरुवात. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घ्यायची आणि हलका झटका द्यायचा, गाठ आत बसते. म्हणून आईच्या गोधडीला पाठीकडूनही गाठ दिसत नाही.

आधी बांधांच्या दोन्ही कडांनी धावदोरा. बांध पक्के झाले की आतलं शेत मोकळं होतं, शिवताना थर हलत नाहीत. मग लांब तुकड्यात उभ्या ओळी, आखूड तुकड्यात आडव्या, नांगराच्या तासांसारख्या. यात शोभा आहेच, पण मुद्दा वेगळा: धावदोरा कापडाला आपल्या दिशेने आखडतो. सगळ्या ओळी एकाच दिशेने घातल्या तर गोधडी लांबीला दोन-तीन इंच कमी होते आणि रुंदीला तशीच राहते. आईने काढलेली ही तोड साधी वाटते, पण चीवराची मांडणी तिच्या हाती आली नसती तर ती सुचली असती असं वाटत नाही.

दोन ओळींत अंतर दोन सेंटिमीटर. त्या हिशेबाने एका गोधडीत जवळपास 120 मीटर शिवण होते, आणि टाका आणि मोकळी जागा मिळून आठ मिलिमीटर धरले तर पंधरा हजार टाके. हे आकडे आईने कधी मांडले नसते. तिचं मोजमाप त्रिशरणावर चालायचं. "बुद्धं सरणं गच्छामि" पासून "ततियम्पि सङ्घं सरणं गच्छामि" पर्यंत एक ओळ व्हायला हवी, आखूड तुकड्यातली. लवकर झाली तर टाके मोठे पडलेत, उसवा. शेजारच्या बाया त्याला तिची भक्ती म्हणायच्या, आणि होतीही. पण ती घड्याळही होती, आणि टाक्यांची तपासणीही. दोन्ही वेगळं करून बघायला ती तयार नसायची.

शिकायला येणाऱ्या मुलींचा दोरा हमखास घट्ट व्हायचा. चार ओळींनंतर कापडावर बारीक चुण्या दिसू लागतात. "काहून ओढून राहिली एवढी? धाग्याले बसू दे," ती म्हणायची, आणि त्या ओळी कापून टाकायला लावायची. उसवताना ओढायचं नाही, दर तिसरा टाका कापायचा आणि दोरा पाठीमागून काढायचा.

ठिगळाबद्दल तिचा एकच नियम होता, आणि तो नीट पाळला तर गोधडी वीस वर्षं जाते. फाटायच्या आधी, कापड विरल्याचं दिसलं की लावायचं, आणि ठिगळ जुन्या कापडाचंच. नवं घट्ट कापड जुन्यावर शिवलं की सगळा ताण ठिगळाच्या कडेला येतो आणि तिथूनच फाडतं. म्हणून पेटीतल्या चिंध्या टाकायच्या नाहीत, विरलेल्याही नाहीत. कसर लागू नये म्हणून सुक्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी पेटीत असते, ती दर पावसाळ्यानंतर बदलायची.

धुणं वर्षातून दोनदा. थंड पाणी, रिठे, ब्रश नाही, पिळणं नाही. ओली गोधडी एका दोरीवर टाकली तर तिचंच वजन मधल्या टाक्यांवर येतं. दोन दोऱ्या हातभर अंतराने बांधून त्यावर पसरायची.

शेवटची गोधडी अर्धी आहे. बांध सगळे झालेत, तीन पट्टे झालेत, दोन बाकी. वहिनी म्हणते पूर्ण करू, मावशी म्हणते तशीच ठेवा, तिचा शेवटचा टाका आहे त्यावर. मावशीचं ऐकलं तर कच्चा टाका तसाच राहणार, थर सरकणार, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत उरलेल्या दोन पट्ट्यांत फुगे येणार. वीस नंबरचा निळा दोरा संपत आलाय, इतवारीतून दोन रिळं आणायला सांगितलीत. आखूड तुकडे आधी घ्यायचे.