चाणक्यपुरीतलं बिनआगीचं इंजिन

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गर्दी मुख्यतः दोन ठिकाणी दिसली: टॉय ट्रेनच्या रांगेत आणि पतियाळाच्या मोनोरेलपुढे. पहिलीबद्दल तक्रार नाही. सोबत मुलं असली की दुसरं काय करणार? मोनोरेलपुढे मात्र सगळे इंजिनाच्या तोंडाशी उभे राहून सेल्फी काढत होते, आणि ज्या चाकामुळे ते इंजिन आडवं होत नाही, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

ते म्हणजे बाजूला जमिनीवर टेकलेलं मोठं चाक. या मोनोरेलची रचना ईविंग पद्धतीची. तीत सुमारे 95 टक्के वजन एकाच रुळावर पडतं, उरलेलं या चाकावर. रुळावरच्या चाकांना दोन्ही अंगांनी फ्लँज, म्हणजे चाक रुळावरून घसरू न देणारी कड. रूळच एक, त्यामुळे गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सांभाळायची कटकट नाही आणि असलेल्या रस्त्याच्या कडेनं तो टाकता येतो. महाराजा भूपिंदर सिंग यांच्या संस्थानात कर्नल बोल्स यांनी 1907 मध्ये हा मार्ग सुरू केला. आधी खेचरं गाडी ओढत, मग ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून चार इंजिनं आली. चाकांची मांडणी 0-3-0, म्हणजे पुढे-मागे आधाराची चाकं नाहीत, मधली इंजिन ओढणारी चाकं तीन! एरवी दोन्ही रुळांवरची चाकं मोजतात, त्यामुळे सम आकडे वाचायची सवय असलेल्याला तो 3 चांगलाच खटकतो. गोम अशी की रूळ आणि रस्ता यांची उंची एकमेकांना धरून राहायला हवी. रस्ता खचला की गाडी कलणार. आणि तो चांगला ठेवावा, तर त्यावरून मोटारी धावणार. 1927 मध्ये हा मार्ग बंद पडला.

माझं मन रमलं ते सिंद्रीच्या खत कारखान्यातून आलेल्या हेन्शेल या जर्मन कंपनीच्या इंजिनापाशी. तिथं चिटपाखरू नव्हतं. या इंजिनात भट्टी नाही, कोळसा नाही, फायरमनही नाही. आहे ती जाड आवरणाची टाकी. ती साधारण तीन चतुर्थांश पाण्यानं भरायची आणि कारखान्याच्या बॉयलरमधली वाफ नळीनं त्या पाण्यात सोडायची. वाफ पाण्यात विरते, पाणी तापतं, दाब चढतो. नळी काढली की इंजिन कामाला तयार.

समजा, टाकीतला निरपेक्ष दाब 10 बार आहे, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दहापट. पाणी 180 अंश सेल्सिअसवर असतं. सिलिंडरनं वाफ ओढली की दाब उतरतो, आणि त्या कमी दाबाला पाणी जास्तच गरम ठरून आपोआप उकळतं. 3 बारपर्यंत उतरेतो तापमान 133 अंशांच्या आसपास येतं आणि दर हजार किलो पाण्यातून साधारण 90 किलो वाफ मिळते. बस, एवढीच शिदोरी. म्हणून सिलिंडर मोठ्या व्यासाचे ठेवतात, म्हणजे उतरलेल्या दाबावरही डबे हलतात. टाकी काठोकाठ भरणं हा मोठा धोका: भरताना विरलेल्या वाफेनं पातळी आणखी चढते, पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, आणि पाणी काही दबत नाही, पिस्टनच्या धक्क्यानं सिलिंडरचं झाकणच फुटतं. दुसरी चूक लोभाची. ‘अजून दोन डबे ढकलू’ म्हणत राहिलं, तर परतायला दाब उरत नाही आणि दुसरं इंजिन बोलवावं लागतं. पण जिथं एक ठिणगी महागात पडेल, अशा आवारात शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायला, याहून शहाणं वाफेचं इंजिन मला तरी माहीत नाही.

बंगाल नागपूर रेल्वेचं 815 क्रमांकाचं गॅरट जातीचं वाफेचं इंजिन मात्र नजरेतून सुटणं अशक्य. मध्ये बॉयलर, दोन टोकांना चाकांचे दोन स्वतंत्र संच, मांडणी 4-8-0+0-8-4. बॉयलरखाली चाकंच नाहीत, त्यामुळे तो आखूड आणि जाडजूड करता येतो, फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती भट्टी, ऐसपैस मिळतो. वजन लांबवर वाटलं जातं आणि वळणही सोपं जातं. किंमत मोजावी लागते ती वाफेच्या नळ्यांच्या हलत्या सांध्यांत. ते झिजले की वाफ गळते. शिवाय पाणी आणि कोळसा चाकांच्याच डोक्यावर. धाव लांबली की ते वजन घटतं, रुळावरची पकड सुटते आणि एखादा संच जागच्या जागी गरगरू लागतो.