खंड्या लिव्हरी: पंख एकदाचा बसला

मंडळी, ग्रॅन टुरिस्मो ७ या रेसिंग गेममधल्या माझ्या आरएक्स-७ गाडीवर खंड्या पक्ष्याची लिव्हरी (गाडीची रंगसजावट) करतोय, आणि तिचा पंख बसला! तो दारावरून निघून मागच्या फेंडरवर चढतो आणि कॅमेरा अगदी जवळ नेला तरी पिसांच्या कडा धारदार दिसतात.

मागच्या नोंदीत पंखाची फाईल ४१ केबीवर अडली होती. ग्रॅन टुरिस्मो ७ बाहेरून चढवलेल्या एसव्हीजी डेकलला (रेघा-बिंदूंच्या आकड्यांत साठवलेल्या स्टिकरला) १५ केबीच्या वर घेत नाही. आधीच्या 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'मध्येही हीच अट होती. पहिली बचत दशांशांतून झाली. आर्टबोर्ड १००० बाय १००० चा केला आणि प्रत्येक बिंदूचे आकडे पूर्णांकात आणले. मग एका रंगाची सगळी पिसं एकाच पाथमध्ये (रेखाकृतीत) जोडली, म्हणजे तोच रंग दर पिसामागे पुन्हा लिहिला जात नाही. फाईल २२ केबीवर आली आणि तिथेच रुतली. इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरचं सिम्प्लिफाय (बिंदू कमी करणारी सोय) आणखी चालवलं की पिसांची टोकं बोथट होतात आणि बोथट पिसांचा खंड्या मला नको होता.

इथे चित्रावरून आपोआप रेघा काढणाऱ्या ऑटो-ट्रेसबद्दल कळकळीने सांगतो: हात लावू नका. साध्या वळणाला दोन नोड (रेघेचे बिंदू) पुरतात, तिथे ते नोडांची रांग लावतं, आणि फाईल फुगते ती त्यामुळेच. पेन टूलने हाताने काढलेली रेघ वेळ खाते, पण तिचा भार नगण्य असतो.

वाट सापडली ती मर्यादा नीट वाचल्यावर. १५ केबी एका फाईलला आहेत, अख्ख्या गाडीला नाहीत! पंखात शेवटी एकच पीस लहानमोठं होऊन फिरत असतं. म्हणून एकच पीस काढलं, त्याला निळा ग्रेडियंट दिला आणि फिकट, मध्यम, गडद अशा तीन फाईली चढवल्या. प्रत्येक फाईल दोन केबीच्या आसपास. पंख आता गेमच्या लिव्हरी एडिटरमध्येच रचला: पीस डुप्लिकेट करायचं, किंचित सरकवायचं, अंशभर फिरवायचं. लेअर जास्त खर्च होतात, पण प्रत्येक पीस हवं तसं हलवता येतं.

याच रचनेने फेंडरचं जुनं दुखणंही बरं झालं. डेकल गाडीवर एका दिशेने प्रक्षेपित होतं, त्यामुळे पत्रा जितका तिरका तितकं चित्र ताणलं जातं. ६० अंशांच्या कलावर थेट दुप्पट. अखंड पंख फेंडरच्या माथ्यावर हमखास विस्कटायचा. आता दारावरची पिसं बाजूने लावली आहेत, माथ्यावरची वरून, आणि मधल्या वळणावरच्या पिसांची उंची आधीच दाबून ठेवली आहे. सांधा शोधावा लागतो! वाइडबॉडी (गाडी रुंद करणारी बॉडी) बसवायची असेल तर मात्र आधी बसवा. ती परत काढता येत नाही आणि फुगलेल्या फेंडरवर मांडणी नव्याने करावी लागते.

डोकं आणि चोच त्या मानाने सोपी. तपकिरी रंग बॉनेटवर, लाल चोच बंपरच्या मध्यावर, दोन्ही मोजक्या नोडांत उरकली.

हे लिहितानाच एक सुचलं. सध्या बॉडीचा मूळ रंग पांढरा आहे, त्यामुळे पिसांच्या फटींतून पांढरं डोकावतं आणि ते झाकायला मी आणखी पिसं भरत होतो. मूळ रंगच मेटॅलिक निळा केला तर? फटी आपोआप निळ्या होतील आणि पिसांची वरची रांग बरीच विरळ करता येईल. गळ्याचा पांढरा पट्टा मग वेगळं डेकल म्हणून लावेन, तो दहा-बारा नोडांत होतो. म्हणजे उजवी बाजू आता लगेच मिरर (डावीची आरशातली नक्कल) करत नाही. आधी रंग बदलतो, डावा पंख विरळ करतो, मग मिरर.

शर्यतीच्या क्रमांकाची पाटी तेवढी अडते आहे. दारावर ठेवली तर पंखाचा मधला भाग झाकला जातो. पुढच्या फेंडरवर नेली तर फार लहान होते. तुमच्यापैकी कोणी आरएक्स-७ वर क्रमांक मागच्या काचेखाली घेतलाय का? रीप्लेमध्ये तो वाचता येतो का, तेवढं सांगा.